हाडातली मज्जा, पाठीतली मज्जा

बडोद्यात उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, दोन दिवस चालतं. २०२५ साली दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, संध्याकाळी सहाच्या सुमाराला दांडिया बाजारामागच्या एका घराच्या गच्चीवरून २३ वर्षांचा मुलगा खाली पडला. कटलेला पतंग धरायला तो कठड्यावर चढला होता. खाली जमलेल्या मित्रांनी त्याला खांद्यापायांना धरून उचललं आणि रिक्षात घातलं. (पाठीला मार लागलेल्या माणसाला असं उचलू नये, फळीवर सरळ ठेवून न्यावं. हे दर जानेवारीत सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगते.)

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि फेब्रुवारीपासून त्याच्या घरी जाते. घरच्यांनी वाचून हो म्हटल्यावरच हे लिहिते आहे. ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही. लिहिण्याचं कारण मे महिन्यात घडलेली गोष्ट. त्या घरात ‘न्यूरल स्टेम सेल’चा, म्हणजे चेतापेशी घडवू शकणाऱ्या मूलपेशींचा, प्रस्ताव आला आणि पुढचे तीन आठवडे घर ढवळून निघालं. तसंच ढवळणं मी आधीही दोन घरांत पाहिलं होतं. तिथे मी काहीच करू शकले नव्हते.

रुग्णाची स्थिती

पाठीचा अकरावा मणका चुरडला होता. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, सळ्या आणि स्क्रू बसवले. हाड सावरलं, पण आतल्या मज्जारज्जूला बसायचा तो मार बसलेला होता.

या इजेची मोजणी करायला महागडं काही लागत नाही. कापसाचा बोळा आणि एक सेफ्टी पिन पुरते. रुग्णाने डोळे मिटायचे, आपण वरून खाली येत स्पर्श करायचा, टोचायचं, आणि त्याने काय कळतंय ते सांगायचं. बेंबीपर्यंत त्याला सगळं कळत होतं, म्हणजे पातळी डी-१० (डी म्हणजे डॉर्सल, पाठीचा भाग). त्याखाली स्पर्श नाही, टोचणं नाही, हालचाल नाही. सगळ्यात महत्त्वाची तपासणी सगळ्यात संकोचाची असते: गुदद्वाराजवळ काही कळतं का, आणि तिथला स्नायू आवळता येतो का. डॉक्टरांनी ती केली होती. काही नव्हतं. त्यामुळे प्रत ‘ए’, म्हणजे पूर्ण इजा.

घरात आई-वडील, मोठा भाऊ, आजोबा. वडील मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात, आई डबे करते. मुलगा स्वतः सीएनसी मशीनवर होता.

मार्चमध्ये एकदा त्याला कुशीवर वळवलं तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. बोटाने दाबला. साध्या लालीवर बोट दाबून उचललं की जागा क्षणभर पांढरी होते. ही झाली नाही. याचा अर्थ दाबाने तिथे इजा व्हायला लागली आहे, आणि त्याला त्याची जाणीवही नाही. त्या दिवसापासून पलंगाजवळ घड्याळ आलं, दर दोन तासांनी कूस बदलायची ठरली, रात्रीच्या पाळ्या भावाने घेतल्या. आईने हातात आरसा धरून मागची बाजू रोज तपासायला सुरुवात केली. १९ दिवसांनी डाग गेला. हे इतक्या बारकाईने लिहिते आहे, कारण कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाचं आयुष्य ज्या गोष्टींवर टिकतं त्या अशा असतात: कातडी, लघवी, शौच. दर चार-पाच तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढणं तो एप्रिलमध्ये स्वतःच शिकला. पहिल्यांदा जमलं तेव्हा त्याने आईला खोलीबाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. आई (मी त्यांना काकू म्हणते) बाहेर ओट्यावर बसून रडल्या, आणि ते रडणं समाधानाचं होतं.

प्रस्ताव, आणि माझी चूक

मेच्या सुरुवातीला भावाने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. बाहेरगावचं एक खासगी केंद्र. लुळा पडलेला तरुण इंजेक्शनानंतर वॉकर धरून उभा राहतो आहे. “ताई, न्यूरल स्टेम सेल आहेत. मज्जारज्जू परत तयार होतो म्हणतात. चार इंजेक्शनं, ६ लाख ४० हजार.”

मी तिथल्या तिथे म्हटलं, “हे सगळं थोतांड आहे, यात पडू नका.”

त्या एका वाक्याने माझ्याशी त्या विषयावरचं बोलणंच बंद झालं. भाऊ गप्प झाला. दहा दिवसांनी कळलं की काकूंच्या पाटल्या आणि गळ्यातलं मोडायला काढलं आहे, वडिलांनी पीएफसाठी अर्ज केला आहे आणि ९ जूनची तारीखही घेतली आहे. सांगितलं ते मुलाने, व्यायाम करता करता, हळू आवाजात. आई-वडिलांना मुलगा उभा राहिलेला पाहायचा असताना त्यांना कुणी ‘थोतांड’ म्हटलं, तर ते त्यांच्या आशेलाच थोतांड म्हटल्यासारखं होतं. शिवाय माझं वाक्य खरंही नव्हतं. मानवी न्यूरल स्टेम सेल ही खरी वस्तू आहे, तिचं प्रत्यारोपण खरोखर झालेलं आहे, मोठ्या रुग्णालयांत, काळजीपूर्वक. मी एका फटक्यात खरं आणि खोटं दोन्ही कचऱ्यात टाकलं होतं.

मी काकूंना फोन केला, चुकले म्हणून सांगितलं, आणि म्हटलं, तुमच्याकडचे सगळे कागद घेऊन बसू या. इंजेक्शन नकोच, असं मी धरून बसणार नाही. कागदात काय लिहिलंय तेवढं वाचू.

१८ मेचा रविवार

कागद दोन होते. एक चकचकीत पुस्तिका, हिंदी-गुजरातीत, वर मोठ्या अक्षरात ‘न्यूरल स्टेम सेल प्रत्यारोपण’. दुसरं संमतिपत्र, इंग्रजीत, बारीक टायपात, सहा पानांचं. कुणी वाचलं नव्हतं. भावाने शेवटच्या पानावर सही मात्र करून ठेवली होती.

तिसऱ्या पानावर मधोमध प्रक्रियेचं वर्णन होतं. मी ओळीखाली बोट धरून मराठीत सांगत गेले: रुग्णाच्या कमरेच्या हाडातून बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा, काढायची, यंत्रात फिरवून त्यातल्या मोनोन्यूक्लिअर, म्हणजे एकच केंद्रक असलेल्या, पेशी वेगळ्या करायच्या, आणि त्याच दिवशी कमरेतून सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडायच्या.

झोपाळ्यावर बसलेले आजोबा म्हणाले, “मग बरोबरच आहे की. अस्थिमज्जा म्हणजे मज्जाच. मज्जेतून काढायचं, मज्जारज्जूत घालायचं. जागचं जागी.”

मी थबकले. इतकी वर्षं हे दोन्ही शब्द दिवसभर वापरते, पण ते ऐकणाऱ्याच्या मनात एकमेकांत मिसळतात हे कधी ध्यानात आलं नव्हतं. आपल्या भाषेत हाडाच्या पोकळीतला मगज म्हणजे अस्थिमज्जा, पाठीच्या कण्यातून जाणारी दोरी म्हणजे मज्जारज्जू, आणि मेंदूसकट सगळी व्यवस्था म्हणजे मज्जासंस्था. नाव एक, वस्तू दोन. हाडातली मज्जा रक्ताचा कारखाना आहे: तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. पाठीतली मज्जा म्हणजे निरोप नेणाऱ्या तारांचा जुडगा. कण्याच्या पोकळीत दिसली म्हणून जुन्यांनी तिलाही मज्जाच म्हटलं असावं.

“आजोबा,” मी म्हटलं, “रक्ताच्या कारखान्यातला कामगार विजेच्या खात्यात नेऊन उभा केला तर तो वायरमन होतो का?”

ते काही बोलले नाहीत. झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज मात्र थांबला.

भावाने विचारलं, “पण पेशी बदलू शकतात ना? स्टेम सेलचं काहीही बनतं म्हणे.” प्रश्न रास्त होता. २००० सालच्या आसपास काही प्रयोगशाळांना खरंच तसं वाटलं होतं, की अस्थिमज्जेतल्या पेशी मेंदूत जाऊन मेंदूच्या पेशी होतात. २००२ मध्ये दिसलं की अशा पेशी आधीच असलेल्या दुसऱ्या पेशींशी एकजीव होऊ शकतात आणि त्यामुळे बदलल्याचा भास होतो. इजा झालेला मज्जारज्जू त्यांनी माणसात नव्याने जोडला, असं आजवर सिद्ध झालेलं नाही.

खऱ्या न्यूरल स्टेम सेल

मग त्या असतात कुठे? १९९२ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीच्या रेनॉल्ड्स आणि वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून अशा पेशी वेगळ्या करून बशीत वाढवल्या. त्यांचे गोळे व्हायचे, आणि त्यातून चेतापेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशी, दोन्ही तयार व्हायच्या. त्याआधी प्रौढ प्राण्याच्या मेंदूत नव्या चेतापेशी जन्मत नाहीत असंच बहुतेक धरून चालायचे. प्रौढ माणसाच्या मेंदूतही स्मरणाशी संबंधित भागात नव्या चेतापेशी होतात, हे १९९८ मध्ये एरिक्सन आणि गेज यांच्या गटाने दाखवलं. मेंदूतल्या या पेशी आपल्या मेंदूत खोल असतात. कमरेच्या हाडातून त्या निघत नाहीत. प्रत्यारोपणासाठी त्या गर्भाच्या ऊतीतून वाढवाव्या लागतात, किंवा भ्रूणाच्या मूलपेशींपासून, किंवा प्रौढ पेशीला मागे नेऊन तयार केलेल्या आयपीएस पेशींपासून. काम महिनोन्‌महिन्यांचं. त्या बहुधा दुसऱ्याच्या असतात, म्हणून शरीराने झिडकारू नयेत यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. आणि त्या कण्याभोवतीच्या पाण्यात सोडत नाहीत. पाठ उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली, थेट मज्जारज्जूत सुईने ठेवतात.

हे सांगत असताना मी पाहिलं, मुलगा कोपरांवर भार देऊन उठून बसला होता.

“ताई, असं कुणावर केलंय का? खरं सांगा.”

खरं सांगितलं. २०११ पासून आधी झुरिचमध्ये आणि पुढे कॅनडातही गर्भाच्या ऊतीतून वाढवलेल्या पेशी छातीच्या पातळीवर इजा झालेल्या १२ जणांच्या मज्जारज्जूत घातल्या गेल्या. मोठा धोका दिसला नाही. काहींची संवेदना थोडी खाली उतरली, पाय हलले नाहीत. त्याच पेशींचा मानेच्या इजेवरचा पुढचा प्रयोग त्या पेशी बनवणाऱ्या कंपनीने २०१६ मध्ये थांबवला, कारण मिळालेला फरक पुरेसा नव्हता, आणि कंपनीही गुंडाळली. सॅन डिएगोमध्ये जुनी इजा असलेल्या चार रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला: प्रक्रिया झेपली, दोघांची पातळी एक-दोन मणक्यांनी सुधारली. आणि जपानमध्ये केइओ विद्यापीठात ओकानो आणि नाकामुरा यांच्या गटाने डिसेंबर २०२१ पासून चार पूर्ण इजा झालेल्या रुग्णांमध्ये आयपीएसपासून बनवलेल्या प्रत्येकी २० लाख पेशी ठेवल्या. त्यांनी मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केला. दोघांच्या हालचालीत फरक पडला, त्यातला एक जण चालायचा सराव करू लागला. उरलेले दोघे ‘ए’च राहिले.

“मग मी तिकडे असतो तर?”

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि त्याचीच धास्ती होती. केइओने इजा होऊन १४ ते २८ दिवस झालेलेच रुग्ण घेतले होते. पहिल्या दिवसांत आत सूज आणि दाह पेटलेला असतो, नवी पेशी तगत नाही. पुढे इजेच्या जागी व्रण घट्ट होतो, पोकळी पडते, वाट बंद होते. मधली खिडकी अरुंद आहे. त्या रविवारी त्याला पडून १२३ दिवस झाले होते. मी आकडा सांगितला. त्याने मान हलवली आणि परत आडवा झाला. त्यानंतर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मलाही मध्ये बोलावंसं वाटलं नाही.

धोक्याची बाजू

काकूंचा प्रश्न वेगळा होता, आणि मला वाटतं तोच सगळ्यात मोलाचा. “नाही लागू पडलं तर पैसे गेले, ठीक. पण त्याला काही होईल का?”

स्वतःच्याच पेशी असल्यामुळे काहीच होणार नाही, असं पुस्तिकेत होतं. कमरेतून वारंवार सुई घालण्यात जंतुसंसर्गाचा धोका असतोच, पेशी कुणाच्याही असोत. आणि खऱ्या न्यूरल स्टेम सेलही काळजी न घेता दिल्यास काय होऊ शकतं, याचं उदाहरण वैद्यकाच्या नोंदीत आहे. एका आनुवंशिक आजाराच्या इस्रायली मुलाला २००१ ते २००४ दरम्यान मॉस्कोमध्ये तीनदा गर्भातल्या न्यूरल स्टेम सेल दिल्या. २००५ मध्ये मेंदू आणि मज्जारज्जूत गाठी सापडल्या, आणि तपासणीत त्या पेशी त्याच्या स्वतःच्या नव्हत्या, दात्यांच्या होत्या. हे २००९ मध्ये छापून आलं. पक्षाघात झालेला एक अमेरिकन गृहस्थ चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिकोत जाऊन असे उपचार घेऊन आला, त्याच्या मज्जारज्जूत परक्या पेशींची गाठ वाढली आणि तो आणखी लुळा झाला. त्याची नोंद २०१६ ची. जी पेशी वाढू शकते, ती वाढायची थांबेलच असं नाही. म्हणूनच खऱ्या प्रयोगांत प्रत्येक रुग्णावर वर्षानुवर्षं नजर ठेवतात. संमतिपत्रात चौथ्या इंजेक्शनानंतरच्या तपासणीबद्दल एक ओळही नव्हती.

वडील त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. “सरकारची परवानगी आहे, असं लिहिलंय. नंबर आहे.”

नंबर आम्ही भावाच्या फोनवर तपासला. भारतात माणसांवरच्या प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची नोंद सीटीआरआय या नोंदवहीत आधी करावी लागते. १५ जून २००९ पासून ते बंधनकारक आहे, आणि ती नोंदवही कुणालाही मोफत पाहता येते. पुस्तिकेतला नंबर तिथे नव्हताच. तो कंपनीचा स्वतःचा नोंदणी क्रमांक निघाला. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची नियमावली स्पष्ट आहे: रक्ताच्या आजारांसाठी अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा बाकी वापर फक्त मान्यता मिळालेल्या ट्रायलमध्येच करायचा. आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. हे शेवटचं वाक्य वडिलांना लागलं. ते म्हणाले, “म्हणजे प्रयोग असेल तर पैसे मागायला नकोत, आणि पैसे मागतायत तर प्रयोग नाही.” माझ्यापेक्षा त्यांनी ते नेमकं सांगितलं. आता मी इतर घरांत त्यांचंच वाक्य सांगते.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. मीही मागितला नाही. २६ मेला भावाचा निरोप आला की तारीख रद्द केली. भरलेले २५ हजार परत मिळाले नाहीत.

१२ जुलै

दर सहा आठवड्यांनी मी पिन आणि कापूस घेऊन पूर्ण मोजणी करते. १२ जुलैला उजवीकडे बेंबीखाली टोचत गेले, आणि तो दरवेळी ‘हो’ म्हणत गेला. ओटीपोट, मग जांघ. मला वाटलं अंदाजाने सांगतोय. म्हणून मधूनच पिनची बोथट बाजू लावली, तो म्हणाला, “ही टोचत नाही, नुसती लागते.” डावीकडेही चार बोटं खाली उतरलं होतं. पाय हलत नव्हते. गुदद्वाराजवळची तपासणी डॉक्टरांनी परत केली, काही नव्हतं. प्रत ‘ए’च. पण उजवीकडची पातळी दोन मणके खाली आली होती.

पूर्ण इजेतही पहिल्या वर्षात संवेदना एक-दोन पातळ्या आपोआप खाली उतरणं ही आमच्या कामात नेहमी दिसणारी गोष्ट आहे. सूज ओसरते, अर्धवट दुखावलेले तंतू सावरतात. आता ९ जूनची तारीख आठवा. इंजेक्शन झालं असतं तर ही सुधारणा जेमतेम पाच आठवड्यांनी दिसली असती. आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, ती इंजेक्शनाच्या खात्यात जमा केली असती. उरलेल्या तिन्हींचे पैसे घरच्यांनी डोळे मिटून भरले असते, आणि पुढच्या व्हिडिओत कदाचित हाच मुलगा दिसला असता, मनापासून खरं बोलत. म्हणून तर इंजेक्शन न दिलेल्या रुग्णांचा गट शेजारी ठेवून तुलना करावी लागते. केइओच्या चार जणांबद्दलही तज्ज्ञ हेच म्हणतात: तुलनेला गट नव्हता, त्यामुळे किती पेशींचं आणि किती शरीराचं, हे अजून सांगता येत नाही.

मी हे त्याला आणि घरच्यांना त्याच दिवशी समजावलं. काकूंनी ऐकून घेतलं, मग देवाजवळ साखर ठेवली. तेही योग्यच होतं.

पुढे

पीएफमधले पैसे वडिलांनी काढले, पण कमी. मापाची व्हीलचेअर, तिच्यावर हवेची गादी, ओट्याला उतार, संडासाचं दार रुंद करून बाजूला पकडायचा दांडा. सगळं सव्वा लाखाच्या आत बसलं. पाटल्या काकूंच्या हातात आहेत. हातांच्या बळावर पलंगावरून खुर्चीत तो ऑगस्टपासून एकटा जातो. खुर्चीत असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलून धरतो, म्हणजे बसण्याच्या जागेवरचा दाब सुटतो. कारखान्याने त्याला मशीनवर नाही, पण कॉम्प्युटरवर मशीनचे प्रोग्रॅम लिहायला परत घेतलं, आधी आठवड्यातून तीन दिवस.

भावाने एक वही केली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो सीटीआरआयवर मज्जारज्जूच्या इजेच्या ट्रायल शोधतो आणि प्रत्येकीपुढे चार रकाने भरतो: पेशी कुठली, कुठे घालणार, इजेला किती दिवस झालेले चालतात, पैसे मागतात का. रकाने त्याचे त्यानेच ठरवले.

जानेवारी २०२६ मध्ये वर्षाची मोजणी झाली. उजवीकडे डी-१२, डावीकडे डी-११, प्रत ‘ए’. कातडी स्वच्छ. मी पिन डबीत ठेवत होते तेव्हा त्याने वही मागून घेतली आणि दोन्ही आकडे स्वतःच्या हाताने, तारखेसकट, त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहिले.